गच्चीवर उभा राहील तोच तंबू: सायकल-सफरीसाठी हलका तंबू निवडताना

तंबू घ्यायला निघालेला सायकलस्वार सगळ्यात आधी वजन विचारतो. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर चौथा. त्याच्या आधी पाठ कुठल्या जमिनीवर टेकणार, पोलचे तुकडे सायकलवर कुठे बसणार आणि रात्रीचा ओलावा कुठे जाणार, हे तीन प्रश्न येतात. त्यांची उत्तरं मिळाली की वजनाचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

जमिनीपासून सुरुवात करू. रेवस ते रेडी सागरी महामार्गाने आठ-दहा दिवसांची सफर धरा. रात्री कुठे जातात? देवळाचा सभामंडप, मराठी शाळेची ओसरी, ग्रामपंचायतीचं आवार, पेट्रोल पंपामागचं काँक्रीट, कुणाचं सारवलेलं अंगण, सुरूच्या बनातली वाळू, आणि वर चढून गेलात तर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. फरशीत आणि सड्यावर खुंटी शिरत नाही, सारवलेल्या अंगणात ती ठोकू नये, आणि वाळूत ती टिकत नाही. ज्या तंबूला उभं राहायलाच खुंट्या लागतात तो अशा सफरीत बहुतेक रात्री पिशवीतच पडून राहतो, आणि तुम्ही डासांत झोपता.

म्हणून आपल्याकडच्या सायकल-सफरीसाठी पहिली अट अशी, की तंबूचा आतला भाग, म्हणजे इनर, एकाही खुंटीशिवाय चारही कोपरे ताणून उभा राहिला पाहिजे. सभामंडपात फ्लायची, म्हणजे इनरवरून घालायच्या पाणी अडवणाऱ्या कापडाची, गरज नसते. इनर उभा केला की तीच मच्छरदाणी, तीच विंचू-किड्यांपासूनची आडकाठी, आणि तोच कपडे बदलायचा आडोसा. दोन पोल एकमेकांना छेदणारे, किंवा मध्ये गाठ असलेला आणि दोन्ही टोकांना दुभंगलेला एक पोल, असे सांगाडे ही अट पाळतात.

इथे एक गफलत हमखास होते. काही हलक्या तंबूंचा पोल इंग्रजी वायच्या आकाराचा असतो: डोक्याकडे दोन पाय, पायाकडे एकच. नेचरहाइकचा क्लाउड अप हा असा तंबू आपल्याकडे बराच दिसतो. जाहिरातीत तो खुंट्यांशिवाय उभा दिसतो, आणि उभा राहतोही, पण पायाकडचे दोन कोपरे सैल लोंबतात आणि जाळी झोपणाऱ्याच्या पायावर येते. हा दोष चालवून घेण्यासारखा आहे, कारण उपाय सोपा आहे: दोन भरलेल्या पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या पिशव्या, आतून त्या दोन कोपऱ्यांत दाबून ठेवायच्या. घेतानाच हे माहीत असलं म्हणजे झालं.

बोगद्यासारखे कमानी तंबू आणि ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे तंबू मात्र या अटीत बसत नाहीत. काठीवाले सगळ्यांत हलके, किलोच्याही आत येणारे. पण सायकलवाल्याकडे काठी नसते, ती वेगळी घ्यावी लागते, आणि काठी असली तरी फरशीवर ते उभे राहत नाहीत. झटक्यात उघडणारे पॉप-अप तंबू तर विचारातच घेऊ नका. त्यांची घडी थाळीसारखी गोल आणि दोन फुटांहून मोठी होते, ती सायकलवर शिडासारखी वारा धरते.

पोलचा तुकडा मोजा

दुकानात किंवा ऑनलाइन पानावर घडीची लांबी लिहिलेली असते. ती लांबी कापड ठरवत नाही, पोलचे दुमडलेले तुकडे ठरवतात. साध्या तंबूंत हे तुकडे ४५ ते ५० सेंमीचे असतात, फायबरग्लासच्या स्वस्त तंबूंत ६० सेंमीपर्यंत जातात.

आता आपल्या सायकलवर टेप लावा. वळलेल्या हँडलच्या सायकलला हँडलची रुंदी ४० ते ४४ सेंमी असते, आणि ब्रेकचे लिव्हर, केबल धरून दोन्ही बाजूंच्या आत प्रत्यक्ष मोकळी जागा ३६ ते ३८ सेंमीच मिळते. तिथे ४५ सेंमीचा पोल बसत नाही. जबरदस्तीने बांधला तर लिव्हर अडकतो, आणि घाट उतरताना हे कळणं फार उशिराचं असतं. बिग अॅग्नेस, एमएसआर, निमो या कंपन्यांनी बाइकपॅक नावाने काढलेल्या तंबूंत पोलचे तुकडे मुद्दाम ३० सेंमीच्या आसपास ठेवलेत, ते याचसाठी. सरळ हँडलच्या सायकलला ही अडचण नाही. तिथे ५० सेंमीही आडवा बसतो.

मागे कॅरिअर आणि दोन पॅनिअर असतील तर आखूड पोलसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. पॅनिअरची उंची ४० सेंमीच्या वर असते, त्यामुळे ४५ सेंमीचा पोल तिरका आत जातो. नाही गेला तर कॅरिअरवर लांबीच्या दिशेने ठेवून दोन ठिकाणी आवळायचा. त्यासाठी पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून घ्या. बाजारातल्या आकड्यांच्या रबरी दोरीपेक्षा त्या चांगल्या, कारण ट्यूब पोलला चिकटून बसते, घसरत नाही, आणि सुटलेला आकडा चाकाच्या तारांत जाण्याचा धोका राहत नाही.

पोल, कापड आणि खुंट्या एकाच पिशवीत भरायची सवय सोडा. कंपनीची पिशवी दुकानातून घरी आणायला ठीक. सायकलवर तीन भाग वेगळे: इनर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, फ्लाय वेगळ्या पिशवीत आणि सगळ्यांत वर, पोल-खुंट्या तिसरीकडे. फ्लाय सकाळी जवळजवळ नेहमीच ओली असते. ती इनरबरोबर गुंडाळली की संध्याकाळी दोन्ही ओले मिळतात. चहाच्या टपरीवर थांबलात की फ्लाय सायकलवरच पसरा. डिसेंबरच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटांत ती कोरडी होते.

आपली उंची, आपली बैठक

दोन माणसांचा तंबू म्हणजे दोन माणसं कशीबशी आडवी होतील असा तंबू. झोपायच्या गादीचं नेहमीचं माप १८३ बाय ५१ सेंमी. दोन गाद्या म्हणजे १०२ सेंमी. त्यामुळे दोघांसाठी डोक्याकडे १२५ ते १३० सेंमी आणि पायाकडे किमान १०५ सेंमी रुंदी हवी.

लांबीचा हिशेब असा: आपली उंची अधिक ३० सेंमी. पाच फूट आठ इंचाच्या, म्हणजे १७३ सेंमीच्या माणसाला आतून २०३ सेंमी. हे तीस सेंमी चैनीचे नाहीत. भिंत उतरती असते, आणि जमिनीवर २१० असलेली लांबी डोकं जिथे असतं तिथे, वीतभर उंचीवर, बरीच कमी झालेली असते. डोकं किंवा पांघरूण भिंतीला टेकलं की तिथला ओलावा कापडात उतरतो.

उंचीसाठी घरी भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा. मध्यम उंचीच्या माणसाची खूण ८५ ते ९० सेंमीवर येते. त्यात गादीचे पाच आणि मोकळीक म्हणून पाच सेंमी मिळवा. तंबूची आतली सर्वाधिक उंची याहून कमी असेल तर कपडे घालताना, पाऊस थांबायची वाट बघताना मान मोडून बसावं लागतं. ही उंची तंबूत नेमकी कुठे आहे तेही बघा. ती फक्त एका बिंदूवर असेल आणि तो बिंदू तुमच्या पोटावर येत असेल तर तिचा उपयोग नाही.

एकटे जाणार असाल तरी दोघांचाच तंबू घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच बनावटीच्या एकाच्या आणि दोघांच्या तंबूत फरक साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचा असतो, आणि त्या बदल्यात चारही पॅनिअर, हँडलची पिशवी, बूट, हेल्मेट आत येतात. सायकलवाल्याचं घर त्या पिशव्यांत असतं. रात्री त्या बाहेर ठेवल्या की कुत्री आहेत, उंदीर आहेत, दव आहे.

दाराबाहेर फ्लायने झाकलेली जी जागा असते, तिला आपण पडवी म्हणू. पॅनिअर साधारण ४२ बाय ३२ सेंमी. दोन पॅनिअर ठेवून माणसाला पाय न अडखळता बाहेर पडायचं तर पडवीची खोली ६५-७० सेंमी हवी. दोघं असाल तर दोन दारं, दोन पडव्या. यात तडजोड करू नका.

शंभरातला एक किलो

आता वजन. माणूस ७० किलो, सायकल १५, सामान १५, एकूण १००. तंबूत एक किलो वाढला तर एकूण वजन एक टक्क्याने वाढलं, आणि त्याच जोराने पॅडल मारलं तर तासभराच्या चढाला जेमतेम ३६ सेकंद जास्त लागतात. आंबा घाट किंवा वरंधा घाट चढताना इतकाच फरक. सपाट रस्त्यावर तर तो जाणवतही नाही. पाठीवर तंबू वाहणाऱ्या ट्रेकरचा हिशेब वेगळा, त्याचा आंधळेपणाने उचलू नका. वजनापेक्षा ते कुठे आहे याने जास्त फरक पडतो: हँडलवर दोन किलो बांधले तर पुढचं चाक जड वळतं आणि उतारावर सायकल डगमगते, तेच दोन किलो कॅरिअरवर खाली बसवले तर लक्षातही येत नाहीत.

मग हलका म्हणजे किती? अॅल्युमिनियमचे पोल, दुहेरी भिंत (आत इनर, वर वेगळी फ्लाय), दोघांची जागा आणि खुंटीविना उभा राहणारा इनर, या चार अटींत १.५ ते २ किलो ही चांगली मर्यादा. १.३ च्या खाली जायला लागलात की कंपनी कापड तरी फार पातळ करते, जागा तरी चोरते, किंवा खुंट्यांवर अवलंबून ठेवते. २.५ च्या वर शक्यतो जाऊ नका, आणि तेही वजनापेक्षा घडीच्या आकारासाठी. एवढा तंबू बारा-पंधरा लिटर जागा खातो.

कंपनीच्या पानावर बहुधा दोन वजनं असतात. लहान आकडा फक्त इनर, फ्लाय आणि पोल यांचा. मोठा आकडा खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरून. दोन तंबूंची तुलना करताना दोन्हींचा मोठा आकडा घ्या. आणि तंबू हातात आला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक भाग मोजा. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक निघणं नवं नाही.

कापड, पाऊस आणि सकाळचं पाणी

कापडाच्या जाडीचा आकडा डेनियरमध्ये असतो: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. १५ ते २० डेनियरचं कापड हलकं, पण काट्याकुट्यात जपावं लागणारं. फ्लायला २० आणि तळाला ३० किंवा त्याहून जास्त, ही जोडी आपल्या जमिनीला मानवते. बाभळीचा काटा आणि सराटे यांच्यापुढे ३० डेनियरही टिकत नाही; तिथे जागा हाताने झाडून घेणं हाच उपाय.

नायलॉन की पॉलिस्टर, यावर दोन्हीकडून भांडणारे भेटतील. नायलॉन त्याच वजनात जास्त चिवट असतं, पण पाणी शोषतं आणि ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी घट्ट लावलेली फ्लाय रात्री नऊला सैल पडून इनरला टेकते. झोपण्यापूर्वी एक फेरी मारून दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिस्टर जवळजवळ ताणत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेसाठी आमचा कौल पॉलिस्टरला. सिलिकॉनचा लेप असलेलं नायलॉन घेतलंत तर शिवणी तपासा: त्यावर पट्टी चिकटत नाही, म्हणून बऱ्याच तंबूंच्या शिवणी उघड्याच येतात. पारदर्शक सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन दोन भाग असं मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब घोटून, बारीक ब्रशने शिवणीवर बाहेरून पातळ हात द्यायचा, एक दिवस वाळवायचं, आणि चिकटू नये म्हणून वरून टाल्कम पावडर फिरवायची.

पाणी अडवण्याचा आकडा मिमीत लिहितात: १५००, ३०००, ५०००. त्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड सोसतं, असा त्याचा अर्थ. चांगल्या लेपाची १५०० मिमीची फ्लाय पावसाला पुरते. तळाची गोष्ट निराळी, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या बोटभर जागेवर मोठा दाब येतो. तिथे ३००० असलेलं बरं.

पण आपल्याकडे तंबूत पाणी येतं ते बहुतेक वेळा आकाशातून नाही, झोपणाऱ्याच्या श्वासातून. डिसेंबर-जानेवारीत कोकणात रात्र निरभ्र असते, फ्लाय आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून आसपासच्या हवेपेक्षा गार होते, आणि आत-बाहेर दोन्हीकडून तिच्यावर पाणी धरतं. सकाळी लोक म्हणतात तंबू गळला. तो गळलेला नसतो. दुहेरी भिंतीचा आग्रह याचसाठी: हे पाणी फ्लायच्या आतल्या बाजूने ओघळून खाली जातं आणि जाळीच्या आत तुम्ही कोरडे राहता. एकेरी भिंतीच्या तंबूत तेच पाणी अंगावर.

घेताना तीन गोष्टी बघा. फ्लायची कड जमिनीपासून चार बोटं वर राहते का? वरच्या बाजूला उघडी ठेवता येणारी खिडकी आहे का? फ्लाय आणि इनर यांच्यात सगळीकडे हाताचा पंजा उभा जाईल एवढं अंतर आहे का? खालून गार हवा येते, वरून दमट हवा निघते, तेवढ्याने निम्मं पाणी कमी होतं. उरलेलं जागेवर अवलंबून. खाडीकाठ आणि ओढ्याकाठ टाळा, आंब्या-काजूखाली लावा. झाडाखाली दव कमी पडतं. माडाखाली मात्र कधीही नाही. नारळ आणि वाळलेली झावळी रात्री वारा नसतानाही पडते.

जाळी बारीक छिद्रांची हवी, कारण किनाऱ्यावरची चिलटं साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून आत येतात. इनर बहुतांश जाळीचा असेल तर कोकणासाठी उत्तम.

भर पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर तंबू लावायचा बेत असेल तर तो बदला. आंबोलीसारख्या ठिकाणी जुलैत जो पाऊस पडतो त्यात कुठलाही दोन किलोचा तंबू दुसऱ्या रात्रीपर्यंत कोरडा राहत नाही. खालून जमीनच पाझरते. ते चार महिने छपराखाली झोपा. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस वेगळा: संध्याकाळी गडगडाट करून तास-दोन तास कोसळतो. तेव्हा इनर आधी आणि फ्लाय मागून अशा पद्धतीत जाळीतून तळ भिजतो. फ्लाय आणि पोल आधी उभे करून आतून इनर अडकवता येतो का, हे ऑक्टोबरात निघणाऱ्यांनी घेण्यापूर्वी विचारावं.

लडाखला जायचं असेल तर

मनाली-लेह रस्ता महाराष्ट्रातल्या अनेक सायकलस्वारांच्या यादीत असतो, आणि तिथे वरचा अर्धा सल्ला उलटा होतो. सारचू ४,२०० मीटरच्या वर आहे, पांग त्याहून उंच, तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. दुपारनंतर वारा उठतो, झाड-आडोसा नाही, धूळ बारीक, आणि जुलै-ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. पूर्ण जाळीचा इनर इथे गार पडतो आणि धूळ आत घेतो. खालचा अर्धा भाग बंद कापडाचा हवा. फ्लायची कड जमिनीच्या जवळ हवी. ताणाच्या दोऱ्या पोललाच बांधता आल्या पाहिजेत, नुसत्या फ्लायच्या कापडाला नाही, कारण वाऱ्याचा जोर सांगाड्यावर गेला पाहिजे. पायाकडची बुटकी बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला.

एकच तंबू घेऊन दोन्हीकडे जायचं असेल तर छेदणाऱ्या दोन पोलचा, अर्ध्या कापडाच्या इनरचा आणि मोठ्या वरच्या खिडक्यांचा घ्या. कोकणात थोडं जास्त गरम होईल, तेवढं सोसा. भरतपूर, सारचू, पांग इथे हंगामात धाब्यांच्या मोठ्या तंबूंत झोपायची सोय मिळते, त्यामुळे त्या रस्त्यावर तंबू सगळ्या रात्रींसाठी नसतो. दोन मुक्कामांच्या मध्ये दिवस संपला तर तो असतो. आणि अशी रात्र सहसा वाऱ्याचीच निघते.

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी

तंबू आला की पहिल्या शनिवारी गच्चीवर न्या. गच्चीत खुंटी ठोकता येत नाही, म्हणून ती सभामंडपाची हुबेहूब परीक्षा आहे.

आधी पोल जोडा. आतली रबरी दोरी तुकडे ओढून जवळ आणते, पण ती त्यांना पूर्ण बसवतेच असं नाही. प्रत्येक जोड हाताने दाबा, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत, आणि नख जोडावरून फिरवा. नख अडकलं तर तुकडा अर्धवट बसलाय. अॅल्युमिनियमचे पोल वाऱ्याने क्वचित मोडतात. बहुतेक वेळा ते अशा अर्धवट बसलेल्या जोडापाशी चिरतात, कारण वाकवताना सगळा ताण पातळ कडेवर येतो. थंडीत रबर सुस्तावतं तेव्हा ही तपासणी दुप्पट गरजेची. सुटा करताना टोकाकडून न करता मधल्या जोडापासून सुरू करा, म्हणजे रबरावर ताण सारखा राहतो.

इनर उभा करा, गादी टाका, पॅनिअर आत ठेवा, आणि पाच मिनिटं आडवे व्हा. पाय भिंतीला लागतात का, बसल्यावर डोकं लागतं का, दाराची चेन (झिप) आतून एका हाताने फिरते का. मग फ्लाय चढवा, पडवीची टोकं पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांना किंवा कुंड्यांना बांधा, आणि नळीने वरून वीस मिनिटं पाणी सोडा. आतून टॉर्च मारून शिवणी, खिडकीची कड आणि तळाचे चार कोपरे बघा. गळती निघाली तर दुकानदाराला दाखवायला फोटो काढा. शेवटी सगळं उतरवा आणि घड्याळ लावून पुन्हा उभं करा. तिसऱ्या प्रयत्नात इनर पाच मिनिटांत उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर अंधारात, दमलेल्या अंगाने तो पंधरा मिनिटं घेईल.

जागेवर

मुरमाड जमिनीत तंबूबरोबर आलेल्या तारेच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे चार घ्या. एकेक तीसेक ग्रॅमचा, पण दगडाने ठोकला की जातो. सकाळी मोजून उचला. मागे राहिलेला खिळा गुराच्या खुरात किंवा दुसऱ्याच्या टायरात जातो.

वाळूत खुंटी उभी ठोकू नका. प्लास्टिकची किंवा कापडी पिशवी वाळूने भरा, दोरी तिला बांधा, हातभर खड्ड्यात पुरा आणि वर पाय देऊन दाबा. वाळूवर जागा बघताना भरतीची रेघ शोधा, शेवाळ-कचऱ्याची ती सुकलेली ओळ. आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी तिच्याही वर येतं हे धरून सुरूच्या बनाकडे सरका. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे पुळणीवर तंबू नको आणि दिवेही नकोत. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू नाही.

जांभ्याच्या सड्यावर दोरीचा फास मुठीएवढ्या दगडाला घाला, तो दगड जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवा. ओढ आली की लहान दगड मोठ्याला अडतो. दोरी थेट धोंड्याला गुंडाळली तर धारदार जांभा ती रात्रीत कापतो.

तळाखाली अंथरायला कंपनीचा वेगळा तुकडा महाग पडतो. जाहिरातीचा जुना फ्लेक्स फुकट मिळतो, पण दोन चौरस मीटर फ्लेक्स सहज पाऊण किलो भरतो. तंबूत वाचवलेलं वजन तिथे जातं. भाजीच्या वाफ्यांवर घालतात तो चार फुटी मल्चिंग पेपर बघा: ३० मायक्रॉनचा, सव्वादोन मीटर तुकडा ऐंशी ग्रॅमच्या आसपास. काटा तो अडवत नाही, ओल आणि चिखल अडवतो, फाटला तर बदलायचा. एकच काळजी घ्या, त्याची कड फ्लायच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तो गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणतो.

आणि तंबूच्या आत किंवा पडवीत स्टो पेटवू नका. पातळ नायलॉन क्षणात वितळतं, आणि बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासही देत नाही.

मोडतं काय

पोल चिरला तर बोटभर लांबीची अॅल्युमिनियमची नळी त्यावर सरकवून दोन्ही बाजूंनी टेप मारायची. ही नळी चांगल्या तंबूबरोबर येते, आणि लोक ती घरीच विसरतात. पोलच्या पिशवीत कायमची ठेवा. नळी नसेल तर दोन खुंट्या चिरेच्या दोन्ही बाजूंना लावून ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधा.

तंबूची चेन मागे उघडी राहायला लागली तर दाते खराब झालेले नसतात, सरकणारा तुकडा धुळीने झिजून सैल झालेला असतो. जुन्या टूथब्रशने चेन झाडा, मग पक्कडीने त्या तुकड्याच्या दोन्ही बाजू अगदी थोड्या दाबा. जास्त दाबल्यास तो तडकतो. सायकलची तेलकट चेन कापडाला लागू देऊ नका; त्या डागाला धूळ चिकटते आणि तिथून कापड घासत जातं. सायकल तंबूला टेकवून न ठेवता साखळीची बाजू बाहेर करून शेजारी आडवी ठेवा.

सफर संपली की तंबू घरात दोरीवर दोन दिवस वाळवा. मळला असेल तर साधं पाणी आणि स्पंज. वॉशिंग मशीन आणि साबणाची पावडर लेप उडवतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिशवीत घट्ट कोंबून ठेवलेल्या तंबूचा पीयू (पॉलियुरेथेन) लेप काही वर्षांत चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. मग तो दुरुस्त होत नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरा, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, आणि पावसाळ्यात एकदा, ऊन पडलेल्या दिवशी, बाहेर काढून तासभर सावलीत पसरा.